मुरमाड सायकलमार्ग

मुरमाड सायकलमार्ग : डांबराचा किंवा काँक्रीटचा थर नसलेले, मुरूम, खडी, वाळू अथवा दाबून घट्ट केलेली माती यांच्या पृष्ठाचे आणि सायकलीने जाता येण्याजोगे मार्ग. शेतांमधील पांदणी, गावशिवेवरील रस्ते, नदीच्या व कालव्याच्या बांधांवरील वाटा, वनरस्ते आणि पक्के न झालेले ग्रामीण रस्ते यांचा त्यांत समावेश होतो. अशा मार्गांवरून हौसेने सायकल चालविण्याची परंपरा फ्रान्समध्ये जुनी आहे. तेथील नदीखोऱ्यांतून असे अनेक मार्ग आखलेले असून एकविसाव्या शतकात या भ्रमणास स्वतंत्र क्रीडाप्रकाराचे स्वरूप प्राप्त झाले. महाराष्ट्रात मात्र मुरमाचा रस्ता हा हौसेचा विषय नसून शेत, शाळा, बाजार व दवाखाना यांच्याकडे जाण्याचे ते नित्याचे साधन आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याच्या आसपासचा पैनगंगा खोऱ्याचा भाग हे याचे एक ठळक उदाहरण होय. दोन्ही प्रदेशांची तुलना केली असता एक गोष्ट स्पष्ट होते : सायकल कोठवर जाईल हे सायकलीच्या किंमतीपेक्षा मार्गाचे पृष्ठ, त्याखालील माती आणि पाण्याचा निचरा यांवर अधिक अवलंबून असते.

इतिहास : सायकलीच्या विकासाचा प्रारंभीचा सर्व इतिहास कच्च्या रस्त्यांवर घडला. फ्रेंच अभियंता प्येर मारी झेरोम त्रेसागे (१७१६–९६) याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या दगडांच्या पायावर लहान दगडांचे थर देऊन रस्ते बांधण्याची पद्धत रूढ केली. त्यानंतर जॉन लाउडन मॅकॲडम (१७५६–१८३६) या स्कॉटिश तज्ञाने असे दाखवून दिले, की पायात मोठे दगड नसले तरी चालते; मात्र खालची जमीन कोरडी राहिली पाहिजे आणि वरच्या खडीचे तुकडे लहान, कोनदार व शक्यतो सारख्या आकाराचे असले पाहिजेत. असे तुकडे रहदारीखाली एकमेकांत घट्ट बसतात. मध्यभागी किंचित उंच व दोन्ही कडांस उतरता असा हा रस्ता पुढे जगभर पसरला. सायकल जन्मास आली ती अशाच रस्त्यांवर.

कार्ल फोन ड्रेस (१७८५–१८५१) या जर्मन संशोधकाने १८१७ मध्ये दोन चाकांचे, पायांनी जमीन मागे रेटून चालवावयाचे लाकडी वाहन तयार केले. १८६० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये पुढील चाकास पायडल बसविलेली वाहने निघाली. १८८५ मध्ये इंग्लंडात जॉन केंप स्टार्ली याची ‘रोव्हर’ सायकल बाजारात आली. जवळजवळ सारख्या आकाराची दोन चाके आणि साखळीने फिरणारे मागील चाक ही तिची वैशिष्ट्ये आजही कायम आहेत. तथापि भरीव रबरी धावांची सायकल खडीच्या रस्त्यावर चालविणे त्रासाचेच होते. जॉन बॉइड डनलॉप (१८४०–१९२१) याने १८८८ मध्ये बेलफास्ट येथे हवा भरलेल्या टायरचे एकस्व मिळविले आणि ही अडचण दूर झाली. १८९१ मध्ये पॅरिस ते ब्रेस्त व परत अशी सु. १,२०० किमी. ची शर्यत झाली. ती शार्ल तेराँ याने काढता-घालता येणाऱ्या मिशलँ टायरांच्या साहाय्याने जिंकली. १९०३ सालच्या पहिल्या ‘तूर द फ्रान्स’ शर्यतीतील २,४२८ किमी. अंतरही बहुतांशी धुळीच्या, खडीच्या रस्त्यांवरूनच कापले गेले.

रस्त्यांचे रूप पालटले ते मोटारींमुळे. वेगवान चाकांमुळे खडीतील बारीक भुकटी उडून जाई व रस्ता उखडे. १९०२ मध्ये मोनाको येथे एर्नेस्ट गुल्येल्मिनेती या डॉक्टराने धूळ बसविण्यासाठी रस्त्यावर डांबर ओतण्याचा प्रयोग केला व तो यशस्वी ठरला. डांबरी पृष्ठ जसजसे सर्वत्र झाले तसतसे शर्यतीच्या सायकलींचे टायर अरुंद व अधिक दाबाचे होत गेले. सायकल-भ्रमणाचा पुरस्कर्ता पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) याने मात्र रुंद टायर आणि अनेक दंतचक्रांची योजना यांचा आग्रह धरला. सँतेत्येन या गावी तो ‘व्हेलोस्यो’ या टोपणनावाने ल सिक्लिस्त हे नियतकालिक चालवीत असे. शर्यतीपेक्षा दूरवरच्या स्वावलंबी प्रवासाला महत्त्व देणारी त्याची विचारसरणी फ्रेंच सायकल-भ्रमणाचा पाया मानली जाते.

या काळात मुंबईतील काही तरुणांनीही अशा प्रवासाचा एक अपूर्व दाखला घालून दिला. आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगरा हे १५ ऑक्टोबर १९२३ रोजी आपल्या सोबत्यांसह मुंबईहून निघाले व सु. ७१,००० किमी. ची पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १८ मार्च १९२८ रोजी परतले. त्यांच्या वाटेत इराण, इराक व सिनाई येथील वाळवंटे होती आणि तेथे बांधलेला रस्ता क्वचितच आढळे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस डांबरी रस्त्यांवरील मोटारींची गर्दी वाढली व सायकलस्वार पुन्हा खडीच्या मार्गांकडे वळले. अमेरिकेतील कॅनझस राज्यात एम्पोरिया येथे २००६ मध्ये सु. ३२० किमी. ची खडीच्या रस्त्यांवरील शर्यत सुरू झाली. पॅरिस–तूर या जुन्या शर्यतीत २०१८ पासून ल्वार खोऱ्यातील द्राक्षमळ्यांमधील कच्च्या वाटांचा समावेश करण्यात आला. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने २०२२ मध्ये इटलीच्या व्हेनेतो प्रदेशात या प्रकारातील पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरविली. २०२४ च्या ‘तूर द फ्रान्स’ शर्यतीत त्र्वा या शहराभोवतीच्या नवव्या टप्प्यात पांढऱ्या खडीच्या वाटांचे चौदा पट्टे होते व त्यांची एकूण लांबी सु. ३२ किमी. होती. एकशेवीस वर्षांनंतर ही शर्यत, काही अंशी का होईना, आपल्या मूळ पृष्ठावर परत आली असे म्हणता येईल.

ल्वार खोरे : ल्वार ही फ्रान्समधील सर्वांत लांब नदी (सु. १,०१० किमी.). पुरापासून शेतीचे रक्षण करण्यासाठी तिच्या काठांनी बाराव्या शतकापासून बांध घालण्यात आले. रेल्वे येण्यापूर्वी या खोऱ्यातील पुष्कळ व्यापार नदीतून व तिला जोडलेल्या कालव्यांतून होत असे. कालव्यांतील नावा दोराने ओढणारी माणसे व घोडे काठावरील ज्या वाटेने चालत, ती वाट ओढवाट म्हणता येईल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर रेल्वेमुळे नदीवरील नौकानयन जवळजवळ बंद पडले, परंतु बांध व वाटा शिल्लक राहिल्या. त्यांना चढ-उतार अत्यल्प असतो आणि पृष्ठ दाबलेल्या वाळू-खडीचे असते. त्यामुळे सायकलीसाठी त्या फार सोयीच्या ठरल्या.

नव्हेर शहराजवळील क्युफी येथून अटलांटिक किनाऱ्यावरील सँ-ब्रेव्हँ-ले-पँ येथपर्यंत सु. ९०० किमी. लांबीचा फलकांकित सायकलमार्ग या खोऱ्यातून आखण्यात आला आहे. तो काही ठिकाणी डांबरी गावरस्त्यांवरून, तर काही ठिकाणी बांधांवरील मुरमाड वाटांवरून जातो. त्याचा बराचसा भाग अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या आंतरयुरोपीय सायकलमार्गात मोडतो. स्युली ते शालॉन या दरम्यानच्या खोऱ्यास २००० मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. येथे मुद्दा असा की, हे मार्ग मुळात सायकलीसाठी बांधलेले नव्हते. पूरनियंत्रण व मालवाहतूक यांसाठी केलेली बांधणी तिचा मूळ उपयोग संपल्यावरही नीट राखली गेली आणि म्हणून ती सायकलस्वारांच्या उपयोगी पडली.

पैनगंगा खोरे व पांढरकवडा परिसर : पांढरकवडा हे यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण असून ते नागपूरच्या दक्षिणेस सु. १५० किमी. वर, नागपूर–हैदराबाद हमरस्त्यावर वसले आहे. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्र. ७ म्हणून ओळखला जाणारा हा रस्ता आता क्र. ४४ या श्रीनगर–कन्याकुमारी महामार्गाचा भाग आहे. उत्तरेस करंजी आणि दक्षिणेस पाटणबोरी ही त्यावरील गावे. पश्चिमेस घाटंजी, पूर्वेकडे झरी व मुकुटबन अशा दिशांना रस्ते फुटतात. शहराजवळून वाहणारी खुनी नदी पुढे पैनगंगेस मिळते. पैनगंगा ही अजिंठ्याच्या डोंगररांगेत बुलढाणा जिल्ह्यात उगम पावते, यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहते आणि शेवटी वर्धा नदीला मिळते. तिच्या पलीकडे तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा आहे.

महामार्गाच्या दोन्ही अंगांस काही किमी. आत गेले की प्रदेशाचे खरे स्वरूप दिसू लागते. कापूस, तूर व सोयाबीन यांची वावरे, त्यांमधून जाणाऱ्या पांदणी, पळस व सागाची जंगले, मधूनच मुरमाड टेकाडे आणि नाल्यांवरील रपटे अशी येथील रचना आहे. गोंड, कोलाम व परधान या आदिवासी समाजांची वस्ती या भागात मोठी आहे. कोलामांच्या वस्तीस पोड म्हणतात. हे पोड बहुधा मुख्य गावापासून दूर, जंगलाच्या कडेला वसलेले असतात व त्यांना जोडणारा रस्ता हा बहुधा मुरमाचा किंवा नुसत्या मातीचा असतो.

माती व तिचे गुणधर्म : या भागाचा मोठा हिस्सा बेसाल्ट खडकाचा आहे. त्याच्या अपक्षयातून दोन परस्परविरोधी पदार्थ निर्माण होतात. खडक पूर्ण कुजून सखल भागात साठला म्हणजे काळी कापसाची माती तयार होते. अर्धवट कुजला म्हणजे टेकाडांवर तांबूस-करडा मुरूम तयार होतो. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे मृत्तिका-खनिज विपुल असते. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तिची भार पेलण्याची शक्ती अगदी क्षीण होते. ओलावा धरून ठेवण्याचा जो गुण कपाशीला वरदान ठरतो, तोच रस्त्याच्या मुळावर येतो.

सायकलस्वाराला याचा अनुभव पहिल्या पावसातच येतो. चिकट माती टायरला धरते, चाक व मडगार्ड यांमधील फटीत भरते आणि काही पावलांतच चाक फिरेनासे होते. अशा वेळी माणूस सायकलवर बसण्याऐवजी सायकलच त्याच्या खांद्यावर येते. याउलट मुरमात दगडाचे कण व थोडी चिकण माती यांचे नैसर्गिक मिश्रण असते. दगडी कण भार पेलतात, चिकण माती त्यांना बांधून ठेवते. तो पाणी मारून दाबला असता कठीण व पाणी निथळणारे पृष्ठ मिळते. म्हणूनच खेड्यापाड्यांतील रस्त्यांसाठी मुरूम हाच पिढ्यानपिढ्या मुख्य पदार्थ राहिला आहे. काळ्या रानात, जेथे रस्त्याची गरज अधिक, तेथे मुरूम सापडत नाही आणि तो टेकाडावरील खदानीतून वाहून आणावा लागतो, ही येथील मूलभूत अडचण होय.

बांधणी : काळ्या जमिनीवरून मुरमाचा रस्ता नेताना प्रथम वरची भुसभुशीत माती काढून तळ समतल करतात व भराव घालून रस्ता आजूबाजूच्या वावरांपेक्षा उंच घेतात. त्यावर मुरमाचा थर पसरून, पाणी मारून, रोलरने दाबतात. रहदारी अधिक असल्यास त्यावर खडीचे थर दिले जातात. खडीस विदर्भात गिट्टी म्हणतात. खडीच्या फटी मुरमाने व पाण्याने भरून काढण्याची ही पद्धत म्हणजे मॅकॲडमच्या तत्त्वाचेच रूप आहे. मध्यभाग उंच ठेवून दोन्ही बाजूंस उतार देतात व कडेने नाल्या काढतात. नाला ओलांडताना मोरी, अथवा पुराचे पाणी वरून जाऊ देणारा रपटा बांधतात.

या सर्व कामांत निचऱ्यास सर्वाधिक महत्त्व आहे. नाली बुजली की पाणी रस्त्याच्या बुडात मुरते, काळी माती फुगते आणि वरचा मुरूम तीत रुतून नाहीसा होतो. मुरूम कमी पडल्यामुळे रस्ता गेला असे वरवर दिसते. प्रत्यक्षात तो पाणी न निघाल्यामुळे गेलेला असतो. मुरमाच्या रस्त्याचा वरचा थर दरवर्षी थोडाथोडा झिजतो. पावसाळ्यापूर्वी नाल्या साफ करणे आणि पावसाळ्यानंतर उतार पुन्हा नीट करून उणीव भरणे ही कामे नियमाने केली तर तो दीर्घकाळ टिकतो. दोन-तीन वर्षे हयगय झाली तर मात्र तो नव्यानेच बांधावा लागतो.

भारामुळे होणाऱ्या हानीचा नियमही लक्षात घेण्याजोगा आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या विस्तृत रस्तेचाचणीवरून असे आढळले, की रस्त्याचे नुकसान हे आसावरील भाराच्या साधारणपणे चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजे भार दुप्पट झाला तर नुकसान सु. १६ पट होते. ही चाचणी पक्क्या रस्त्यांवर झाली असली तरी तिचा आशय मुरमाच्या रस्त्यालाही लागू पडतो. सायकलीमुळे रस्ता झिजतच नाही असे म्हटले तरी चालेल. दगड, वाळू वा कापूस यांनी भरलेला एक ट्रक मात्र ओल्या मुरमाच्या रस्त्याची एका फेरीत दुर्दशा करू शकतो. जुन्या बैलगाडीच्या लोखंडी धावेचा परिणामही असाच होई. अरुंद धावेखाली सर्व भार एकवटल्याने रस्त्यात खोल चाकोऱ्या पडत व त्यांत पाणी साचे. रबरी चाकांच्या गाड्या आल्यावर हा दोष पुष्कळ कमी झाला.

सायकल व टायर : मऊ किंवा खडबडीत पृष्ठावर सायकल चालण्यासाठी टायर रुंद व त्यातील हवेचा दाब कमी असावा लागतो. टायरचा जमिनीवर पडणारा दाब स्थूलमानाने त्यातील हवेच्या दाबाएवढा असतो. स्वार व सायकल मिळून १०० किग्रॅ. वजन धरले तर त्यांतील सु. ६० किग्रॅ. मागील चाकावर येते. हवेचा दाब दर चौ. सेंमी. ला ६ किग्रॅ. असल्यास जमिनीशी संपर्क सु. १० चौ. सेंमी. क्षेत्रावर होतो, दाब ३ किग्रॅ. केल्यास तो सु. २० चौ. सेंमी. होतो. संपर्कक्षेत्र वाढल्याने चाक कमी रुतते आणि खड्यांचे धक्केही टायरमध्येच जिरतात. अरुंद टायरमध्ये हवा कमी ठेवली तर चाकाची कडा दगडावर आपटून ट्यूब फाटते. म्हणून कमी दाबासाठी टायर रुंदच असावा लागतो.

खडीच्या मार्गांसाठी खास बनविलेल्या आधुनिक सायकलींचे टायर सामान्यतः ३५ ते ५० मिमी. रुंद असतात. भारतात गेली अनेक दशके सर्वत्र दिसणाऱ्या काळ्या दणकट सायकलीच्या टायरचे माप २८ × १½ इंच, म्हणजे रुंदी सु. ४० मिमी. असते. नव्या क्रीडाप्रकारासाठी जे माप योग्य ठरले, ते आपल्याकडील दूधवाले, टपालवाले व शेतकरी यांच्या सायकलीला पूर्वीपासूनच होते. ही सायकल मूळच्या इंग्लिश सायकलीवरून घेतलेली असून तिची लांबट बैठक व मागे झुकलेली चौकट खराब रस्त्यावर तोल राखण्यास सोयीची असते. वजन जास्त, दंतचक्र एकच आणि पावसात ब्रेक नीट न लागणे हे तिचे दोष होत. उलट तिची दुरुस्ती कोणत्याही बाजाराच्या गावी होऊ शकते हा तिचा मोठा गुण आहे. बाभळीचा काटा हा या भागातील टायरचा सर्वांत नित्याचा शत्रू असून पंक्चर काढण्याचे साहित्य व पंप बरोबर असणे अगत्याचे असते.

मार्गांचे प्रकार व ऋतुमान : पांढरकवडा परिसरातील मुरमाड मार्गांचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतात. (१) पांदण : दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांमधून वावरांकडे जाणारी गाडीवाट. ही बहुधा काळ्या मातीची असते व पावसाळ्यात निरुपयोगी होते. (२) गाव ते गाव मुरमाचा रस्ता : वर सांगितल्याप्रमाणे बांधलेला व बैलगाडी, ट्रॅक्टर, सायकल यांनी सारखाच वापरलेला. (३) कालव्यालगतची वाट : धरणाच्या कालव्याची देखभाल करण्यासाठी राखलेली. खुनी नदीवर सायखेडा येथे मातीचे धरण आहे. अशा वाटांना चढ-उतार अत्यल्प असल्यामुळे फ्रान्समधील ओढवाटांशी त्यांचे साम्य आहे. (४) वनरस्ता : लाकूड वाहतूक व गस्त यांसाठी वनखात्याने काढलेला, मुरमाड टेकाडांवरून जाणारा व म्हणून पावसानंतर लवकर सुकणारा.

जिल्ह्यात पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा सायकल-प्रवासास उत्तम काळ. या वेळी पृष्ठ घट्ट असते, हवा थंड असते आणि कापूस वेचणीमुळे वाटांवर माणसांची वर्दळ असते. मार्चनंतर पृष्ठ कोरडे पडून वरची भुकटी सुटते व वळणावर चाक घसरते. एप्रिल-मे मध्ये विदर्भातील तापमान ४५° से. च्या आसपास जाते. त्या काळात दुपारचा प्रवास टाळणे इष्ट असते.

वनप्रदेशातील सावधगिरी : पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले असून त्याचे क्षेत्रफळ १४८·६३ चौ. किमी. आहे. तेथे वाघांचे वास्तव्य आहे व आजूबाजूच्या जंगलांतूनही ते फिरतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार अभयारण्यात परवानगीवाचून प्रवेश करता येत नाही. बाहेरील वनरस्त्यांवरही पहाटे व सांजवेळी एकट्याने सायकलीने जाणे धोक्याचे असते. पांढरकवडा–राळेगाव भागातील टी-१ (अवनी) या वाघिणीशी तेरा माणसांच्या मृत्यूंचा संबंध जोडण्यात आला होता. तिला २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळी घालून ठार करण्यात आले आणि त्यावरून देशभर वाद झाला. वन्यजीवरक्षण व ग्रामस्थांची सुरक्षितता या दोहोंचा विचार करणाऱ्यास या घटनेतील एक साधी बाब विसरता येत नाही : रानातील वाट ही येथील माणसांना निवड म्हणून नव्हे, तर दुसरी वाट नसल्यामुळे वापरावी लागते.

सामाजिक महत्त्व : ग्रामीण रस्त्यांच्या नियोजनाचा पाया विदर्भातच घातला गेला. देशातील मुख्य अभियंत्यांची परिषद डिसेंबर १९४३ मध्ये नागपूर येथे भरली व तिने वीस वर्षांची ‘नागपूर योजना’ तयार केली. शेतीप्रधान विकसित भागातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर असू नये, हे तिचे एक उद्दिष्ट होते. १९७२ च्या दुष्काळापासून महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे मोठ्या प्रमाणावर निघाली. त्यांविषयीचा कायदा १९७७ मध्ये झाला. खेड्यांतील अनेक मुरमाचे रस्ते या कामांतून, खडी फोडणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या श्रमांतून झाले आहेत. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने ५०० व त्याहून अधिक, आणि आदिवासी भागात २५० व त्याहून अधिक लोकसंख्येच्या वस्त्यांना बारमाही रस्त्याने जोडण्याचे ठरविले. परंतु अनेक पोडांची लोकसंख्या याहून कमी भरते. २०२३ मध्ये अतिअसुरक्षित आदिवासी समूहांसाठी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जनमन अभियानात ही मर्यादा १०० वर आणण्यात आली. महाराष्ट्रातील कोलाम, कातकरी व माडिया गोंड हे समूह त्यात मोडतात. शेतरस्त्यांसाठी राज्य शासनाने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना सुरू केली.

सायकलीचा लाभ सर्वांत अधिक कोणास होतो, याविषयी बिहारमधील अनुभव बोलका आहे. तेथे २००६ मध्ये माध्यमिक शाळेतील मुलींना सायकली देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन व निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार या योजनेमुळे माध्यमिक शाळेतील मुलींच्या वयानुरूप पटसंख्येत ३२ टक्के वाढ झाली व मुलामुलींमधील तफावत ४० टक्क्यांनी घटली. शाळा जेथे ३ किमी. वा त्याहून दूर होती, तेथील मुलींना तिचा विशेष लाभ झाला. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमाखाली १२५ मागास तालुक्यांतील इयत्ता ८ वी ते १२ वीच्या गरजू मुलींना सायकली देण्यात आल्या. मात्र सायकल मिळणे म्हणजे शाळेत पोहोचणे नव्हे. काळ्या मातीची वाट असेल तर जून ते सप्टेंबर हे चार महिने, म्हणजे शालेय वर्षाचा ऐन प्रारंभ, ती सायकल घरीच राहते. तीच वाट मुरमाने उंच केली व तिच्या कडेची नाली मोकळी ठेवली, तर त्याच सायकलीने बारमाही जाता येते. सायकलीची योजना व रस्त्याची योजना ही एकाच कामाची दोन अंगे आहेत, हे नियोजनात अनेकदा दुर्लक्षित राहते.

भवितव्य : मुरमाड मार्ग आणि डांबरी मार्ग हे परस्परांचे प्रतिस्पर्धी मानण्याचे कारण नाही. जेथे जड वाहतूक आहे तेथे डांबर वा काँक्रीट आवश्यकच ठरते. परंतु ज्या वाटेवरून मुख्यतः पायी चालणारे, सायकली व हलक्या गाड्या जातात, तेथे चांगला राखलेला मुरमाचा रस्ता कमी खर्चात पुरेसा ठरतो आणि गावातील माणसांनाच त्याची डागडुजी करता येते. ल्वारकाठच्या बांधांनी शतकानुशतके जी सेवा दिली ती नियमित देखभालीमुळे. पैनगंगेच्या खोऱ्यातही सायकल-पर्यटनास वाव आहे. हिवाळ्यातील कपाशीची वावरे, वसंतात फुललेला पळस आणि खुनी नदीचा काठ हे प्रवाशास आनंद देणारे आहेत. तथापि असे पर्यटन वाढावयाचे झाल्यास त्याची सुरुवात नव्या फलकांपासून नव्हे, तर जुन्या वाटांच्या निचऱ्यापासून व्हावी लागेल. ज्या वाटेने पोडावरील मुलगी भर पावसाळ्यात सायकलीने शाळेत जाऊ शकते, त्या वाटेने हौशी प्रवासीही निश्चितच जाऊ शकेल.